खर्च कापा म्हणता, पण आमच्या अडकलेल्या बिलांचं काय?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मंदीच्या दिवसांत छोट्या उद्योगांनी कसं तगावं यावर एक लेख आला होता. खर्च कापा, माणसं कमी करा, सूट देऊन विक्री वाढवा, मोबाइलवर जाहिरात करा, असा त्याचा एकूण सूर. लेख नेटका आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण तो वाचल्यावर आमच्या लाइनीतल्या दोघा-तिघा कारखानदारांशी बोलणं झालं आणि सगळ्यांच्या तोंडी एकच, की उधारीबद्दल यात एक ओळ नाही. ज्याच्या गल्ल्यात रोज रोख येते त्याच्यासाठी तो लेख ठीक आहे. आमच्यासारख्यांसाठी तो अर्धाच आहे.

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत आमचं पत्राकामाचं वर्कशॉप आहे. उन्हाळ्यासाठी कूलरच्या बॉड्या आणि बाकी वर्षभर इलेक्ट्रिक पॅनेलचे डबे, असं काम. माझे मिस्टर मशीनवर असतात. हिशेब, बिलं, बँक आणि वसुली माझ्याकडे. लग्नाआधी बी.कॉम. झाले होते, त्याचा उपयोग सासरी असा झाला. गेटवरचे वॉचमन आणि अकाउंट्समधले क्लार्क अजूनही म्हणतात, "मॅडम, तुम्ही काहून आल्या, सायबांना पाठवा न." साहेब बेंडिंग मशीनवर उभे असतात आणि त्यांना बिल नंबर पाठ नसतो, हे मी त्यांना सांगत बसत नाही.

मंदी आली हे आम्हाला विक्रीच्या आकड्यावरून कळत नाही. ऑर्डर तर बऱ्याचदा येतच असते. आधी फोन उचलणं बंद होतं. मग जीआरएन झाला नाही असं सांगतात, म्हणजे माल त्यांच्या स्टोअरमध्ये जमा झाल्याची नोंदच झाली नाही. माल त्यांच्या लाइनीवर फिट होऊन गेलेला असतो, पण कागदावर तो अजून गेटच्या बाहेरच असतो. मग दोन डब्यांच्या रंगाला ओरखडा होता म्हणून डेबिट नोट, म्हणजे पैसे कापायची चिठ्ठी, येते आणि त्या दोन डब्यांपायी अख्खं बिल थांबतं. त्यानंतर फाइल साहेबांच्या टेबलावर असते आणि साहेब पुण्याला असतात. अशा एका अकाउंट्स खात्याच्या बाहेरच्या बाकावर मी इतक्या वेळा बसले आहे की तिथला चहावाला मला बिनसाखरेचा चहा न विचारता देतो. त्या बाकावर माझ्यासारखे आणखीही असतात. पॅकिंगचे खोके पुरवणारा, ट्रान्सपोर्टवाला, कॅन्टीनचा ठेकेदार. सगळ्यांच्या हातात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत चलनांच्या झेरॉक्स.

आता हिशेब सांगते, कारण तो मांडल्याशिवाय माझं म्हणणं पटायचं नाही. समजा १० लाखांचे पॅनेलचे डबे दिले. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे बिल ११ लाख ८० हजारांचं. आमच्या धंद्यात सगळं सुरळीत झालं तर १०० रुपयांमागे ८ रुपये सुटतात, म्हणजे या बिलात ८० हजार. उरलेले ११ लाख हे आमचे घातलेले पैसे. पत्र्याचा व्यापारी गाडी भरायच्या आधी पैसे मागतो. पगार ७ तारखेला. पत्र्याला रंग चढवून देणारा पावडर कोटिंगवाला आमच्यापेक्षा लहान आहे, त्याला थांबवणं मला जमत नाही. खरेदीवर आधीच भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट वजा जाऊन उरलेला जीएसटी पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरायचा. गिऱ्हाइकाने पैसे दिले की नाही हे सरकार विचारत नाही. हे ११ लाख चार महिने अडकले आणि कॅश क्रेडिटचं, म्हणजे धंद्यासाठीच्या चालू कर्जाचं, व्याज ११ टक्के धरलं, तर ४० हजार रुपये बँकेला गेले. ८० मधले ४०. माल तोच, मेहनत तीच आणि नफा अर्धा. हा खर्च कुठल्या कपातीने भरून काढायचा? विजेच्या बिलात? चहात?

बरं, बँकेचाही आपला नियम आहे. दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे शिल्लक मालाचा आणि येण्यांचा तक्ता, द्यायचं, त्यावरून किती पैसे उचलता येतील ते ठरतं. आमच्या बँकेत ९० दिवसांपलीकडची येणी त्यात धरत नाहीत. बँकेच्या जागी मी असते तर मीही धरली नसती. पण याचा अर्थ असा होतो की गिऱ्हाईक ज्या महिन्यात पैसे थांबवतं त्याच महिन्यात बँकही हात आखडता घेते. छोटे कारखाने तोट्याने बंद पडतात असं लोकांना वाटतं. मी जवळून पाहिलेले बहुतेक कारखाने बंद पडले तेव्हा वहीत नफा दाखवत होते.

म्हणून सूट द्यायचा सल्ला मला अजिबात पटलेला नाही. मंदीत मालावर ५ टक्के सूट दिली तर ८ मधले ५ त्याच क्षणी गेले, आणि गिऱ्हाईक पैसे त्याच्या सवडीनेच देणार. आम्ही सूट मालावर देणं बंद केलं आणि मुदतीवर सुरू केलं. माल उतरल्यापासून सात दिवसांत पैसे आले तर २ टक्के सोडतो. त्यानंतर पूर्ण भाव. बँकेचं व्याज महिन्याला ०.९ टक्के पडतं, म्हणजे चार महिन्यांचे साडेतीन टक्क्यांच्या वर जातात. त्यापेक्षा २ टक्के सोडलेले स्वस्त. मिस्टरांचा याला पहिल्यांदा विरोध होता, "आपलेच पैसे मागायला आपणच लाच द्यायची का?" हा त्यांचा शब्द. मी त्यांना टॅलीतला येण्यांचा तक्ता काढून दाखवला, ३० दिवस, ६०, ९०, आणि सगळ्यात उजवीकडचा तो रकाना ज्याच्याकडे कोणी बघत नाही. मग ते काही बोलले नाहीत.

हे कूलरच्या डीलरांशी जमलं. मोठ्या कंपन्यांशी नाही जमलं, त्याबद्दल पुढे लिहिते.

कूलरचा धंदा बाहेरच्यांना सोपा वाटतो. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, कूलरशिवाय घर नाही, मग विकायला काय लागतं? पण हा धंदा डिसेंबरात सुरू होतो. पत्रा घ्यायचा, कापायचा, वाकवायचा, रंगवायचा, मोटर-पंप-जाळी बसवायची आणि होळीपर्यंत गोदाम भरून ठेवायचं. गोंदिया, चंद्रपूर, बालाघाट, छिंदवाड्याचे डीलर मार्चमध्ये माल उचलतात आणि लवकर देणारे सोडले तर पैसे पावसाच्या आसपास देतात. सगळा खेळ आठ-दहा आठवड्यांचा. २०२० मध्ये २४ मार्चच्या रात्री टाळेबंदी लागली तेव्हा आमचं गोदाम छतापर्यंत भरलेलं होतं आणि डीलरांच्या दुकानांना कुलपं होती. त्या मे महिन्यात सरकारने बाकी असलेल्या कर्जाच्या २० टक्के जादा कर्ज बिनतारण देण्याची योजना आणली, आम्हीही घेतलं, त्याने वर्ष निभावलं. पण कर्ज म्हणजे विक्री नव्हे, ते पुढच्या चार उन्हाळ्यांतून फेडावं लागलं. २०२५ चा मे महिना तर वेगळाच गेला. ऐन सीझनमध्ये पाऊस, ढग, गार हवा. लोकांनी कूलरमधल्या गवताच्या ताट्या बदलायलासुद्धा कूलर खाली उतरवले नाहीत. वर सप्टेंबर २०२५ मध्ये एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ वर आला. ग्राहकांसाठी चांगलंच झालं, मी नाही म्हणत नाही. पण कूलर आधीपासून १८ मध्येच होता आणि तिथेच राहिला. हप्त्यावर एसी घेणाऱ्यांची आमच्या कॉलनीतली संख्या मला बाल्कनीतून दिसते.

या दोन फटक्यांमधून आम्ही एक गोष्ट बदलली. पूर्वी जानेवारीतच सगळा पत्रा कापून टाकायचो, कारण मग कामगारांना सलग काम मिळतं. आता जेवढं बुकिंग आगाऊ पैशासह येतं तेवढंच आणि वर थोडं, एवढंच कापतो. बाकीचा पत्रा अख्खाच्या अख्खा पडून राहतो. अख्खा जीआय पत्रा कधीही बाजारभावाने विकता येतो, शेजारच्या कारखान्यालाही देता येतो. एकदा कापला की तो कूलर तरी होतो नाहीतर भंगार. तयार कूलर तर त्याहून वाईट. जागा खातो, कोपरे दबतात, पुढच्या वर्षी डीलर म्हणतो मागच्या सालचं मॉडेल आहे. आम्ही कापलेल्या-वाकवलेल्या बाजू एकावर एक रचून ठेवतो आणि ऑर्डर पक्की झाली की जोडतो. एका कूलरच्या जागेत दहा कूलरांच्या बाजू मावतात. एप्रिलमध्ये यामुळे फार धावपळ होते, रात्री उशिरापर्यंत रिव्हेटिंग चालतं, वेल्डर कुरकुर करतात. ती कुरकुर परवडते.

आता माणसं कमी करण्याबद्दल. टाळेबंदीनंतरच्या वर्षी आमच्या एका हितचिंतकाने, ते अकाउंट्समधले जाणकार आहेत, आमचा खर्चाचा तक्ता बघून सांगितलं की बेंडिंग ऑपरेटरचा पगार जास्त आहे, त्याच्या जागी दोन हेल्पर येतील. हा भाऊ काटोलकडचा, मशीनवर केस पांढरे झालेला. आम्ही त्याला ठेवलं. त्याच काळात एका दुपारी जेवणाच्या सुटीत तो ८ बाय ४ च्या पत्र्यावर खडूने रेघा ओढत बसला होता. मधल्या साइजच्या कूलरची बाजू उलगडली की २५ इंच भरायची. ९६ इंचांच्या पत्र्यात अशा तीन बसतात, म्हणजे ७५, आणि २१ इंचांची पट्टी उरते. त्या पट्टीतून कधीमधी स्टँडच्या पट्ट्या निघायच्या, बाकी सगळं भंगारवाल्याकडे किलोवर. तो मला म्हणाला, "वहिनी, कडेची घडी अर्ध्या-अर्ध्या इंचानं कमी केली तं काय बिघडते? चोवीसमधी चार निघते न." मिस्टरांनी घडी कमी करून एक बॉडी बनवली, त्यावर उभं राहून पाहिलं, हलवून पाहिली. मजबुतीत फरक नव्हता. तेव्हापासून त्या साइजला तीनच्या जागी चार बाजू निघतात. दोन हेल्परांना हे सुचलं असतं का, ते मी हितचिंतकांना अजून विचारलेलं नाही.

माझे वडील जमशेटजी टाटांनी नागपुरात काढलेल्या एम्प्रेस मिल या कापडगिरणीत फिटर होते. म्हणून जमशेटजींचं नाव आमच्या घरात देवाच्या खालोखाल घेतलं जायचं. १८७७ च्या १ जानेवारीला, राणी व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर झाली त्याच दिवशी मिल सुरू झाली म्हणून तिचं नाव एम्प्रेस, हे नागपुरात शाळकरी पोरांनाही माहीत असतं. त्याआधीचं मात्र फारसं कोणी सांगत नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिथला कापूस थांबला आणि इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि भाव कोसळले. मुंबईतल्या पेढ्या धडाधड बुडाल्या. टाटांच्या घरच्या पेढीलाही जबर फटका बसला. जमशेटजी तेव्हा पंचविशीत होते आणि नेमके लंडनमध्ये होते. त्यांच्याकडच्या हुंड्यांना, म्हणजे पैसे मिळण्याच्या चिठ्ठ्यांना, तिथे कोणी विचारेना. ते घेणेकऱ्यांना टाळत बसले नाहीत. बँका आणि सावकारांपुढे जाऊन त्यांनी सगळा हिशेब उघडा केला. त्या लोकांनी विश्वास टाकून पेढीची निरवानिरव करायचं काम त्यांच्याकडेच सोपवलं. त्यानंतर बारा वर्षांनी नागपुरात मिल उभी राहिली.

वडील ही गोष्ट सांगायचे तेव्हा मला ती फुगवून सांगितल्यासारखी वाटायची. पण २०२० च्या जूनमध्ये मी हेच केलं, अर्थात आमच्या मापाने. पत्र्याच्या व्यापाऱ्याचा फोन यायच्या आधी मी स्वतः इतवारीत त्यांच्या पेढीवर गेले. गोदामात किती कूलर आहेत, कोणाकडून किती येणं आहे, बँकेचा हप्ता किती, हे एका कागदावर लिहून नेलं आणि कोणत्या महिन्यात किती देऊ शकते ते सांगितलं. शेठनी चष्मा वर करून कागद दोनदा वाचला. म्हणाले, "बहेनजी, पहिल्यांदाच कोणी आकडे घेऊन आलं. बाकीचे देवाच्या शपथा घेऊन येतात." त्यांनी व्याज लावलं, फुकट सोडलं नाही. पण पत्रा बंद केला नाही. ज्यांनी फोन उचलणं टाळलं त्यांचा बंद झाला. आमचे पैसे थकवणाऱ्यांपैकी जे डीलर असा आकडा सांगतात त्यांना मी आजही माल देते, आणि जे "भाऊ, पैसे येऊन ऱ्हायले न, टेन्शन काहून घेता" म्हणतात त्यांना नाही. त्यामुळे आमची विक्री कमी झाली. चालेल.

आता मोठ्यांबद्दल. कायदा आमच्या बाजूने आहे, आणि तो चांगला आहे. २००६ च्या एमएसएमई विकास कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. माल मिळाल्यावर १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर माल स्वीकारला असं धरलं जातं, म्हणजे जीआरएनचं रडगाणं कायद्यात चालत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ व्याज. २०२३-२४ मध्ये बँक रेट ६.७५ टक्के होता, म्हणजे व्याज २०.२५ टक्के. थकलेल्या पैशांचे वाद सोडवणाऱ्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे दाद मागता येते, ९० दिवसांत निकाल द्यावा असं कलमात आहे. निकालाविरुद्ध कोर्टात जायचं तर खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. इतकं सगळं आहे.

आणि तरीही आमच्या लाइनीत कोणी दावा लावत नाही. दावा लावला की पैसे मिळतील, पण ते त्या गिऱ्हाइकाचे शेवटचे पैसे असतील. ज्याच्या एकूण कामापैकी निम्मं काम दोन कंपन्यांकडून येतं त्याने कोणाविरुद्ध तक्रार करायची? हेच कारण आहे की या पत्राखाली मी नाव लिहिलेलं नाही. आमचे दोन्ही मोठे गिऱ्हाईक आपलाच पेपर घेतात, त्यांच्या रिसेप्शनवर मी तो वाचला आहे, बाकावर बसूनच.

२०२३ च्या अर्थसंकल्पात आयकराच्या ४३बी कलमात नवा उपविभाग आला. ४५ दिवसांच्या मुदतीत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी दाखवता येत नाही, पैसे देईल त्या वर्षी दाखवावा. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालं, तेव्हा सुरतेपासून कापडबाजारात केवढी ओरड झाली! आम्हाला आनंद झाला होता. प्रत्यक्षात काय झालं ते येण्यांच्या तक्त्यावर दिसतं. वर्ष संपायच्या आत पैसे दिले तर वजावट त्याच वर्षी मिळते. म्हणून मार्चच्या शेवटच्या आठवड्यात बँकेत धडाधड पैसे जमा होतात आणि एप्रिलपासून पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मे महिन्यातलं बिल फेब्रुवारीत दिलं तरी त्या कलमाने त्यांचं काहीच बिघडत नाही. आमचा मात्र कूलरचा पत्रा डिसेंबरात घ्यायचा असतो.

ट्रेड्स, म्हणजे बिलांवर बँकांकडून आधीच पैसे मिळवून देणारा ऑनलाइन प्लॅटफॉर्म, त्याचंही तसंच. बिल त्या प्लॅटफॉर्मवर चढलं आणि खरेदीदाराने मान्य केलं की बँका बोली लावून पैसे लगेच देतात, आणि पुढे खरेदीदाराने बुडवलं तरी बँक आमच्या मागे लागत नाही. आमच्यासारख्यांसाठी याहून चांगली सोय नाही. २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ३१ मार्च २०२५ पर्यंत तिथे नोंदणी सक्तीची केली होती. पण खासगी कंपनीला सक्ती नोंदणीची, बिलं मान्य करण्याची नाही. नोंदणी झाल्याचं प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं मी पाहिलं आहे.

मग काय करता येईल? मी काही अर्थतज्ज्ञ नाही, पण महिन्यातून दोनदा जीएसटीच्या साइटवर बसते. तिथे ऑक्टोबर २०२४ पासून खरेदीदाराला आमचं बिल मान्य की नामंजूर हे कळवायची सोय आली आहे. मान्य केल्याची नोंद तिथे होते. आमचा उद्यम नंबर, म्हणजे लघुउद्योग म्हणून नोंदणीचा नंबर, तोही सरकारकडे आहे. जीएसटी कायद्यात आत्ताच असं आहे की १८० दिवसांत पुरवठादाराचे पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराने घेतलेलं क्रेडिट व्याजासह परत करायचं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या बिलांसाठी हे १८० चे ४५ करा आणि पैसे दिल्याची तारीख त्याच ठिकाणी भरायला लावा. मग मला तक्रार करावी लागणार नाही, कोणाचं नाव घ्यावं लागणार नाही. संगणकच विचारेल. ज्याच्या क्रेडिटवर गदा येते त्याच्या साहेबांना पुण्याहून परत यायला वेळ लागत नाही.

पत्र्याचे व्यापारी या ४५ दिवसांच्या कायद्यात बसत नाहीत, हेही सांगायला हवं. २०२१ पासून व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. म्हणून शेठ गाडी भरायच्या आधी पैसे मागतात आणि त्यांच्याशी मी कधी भांडत नाही. राज्यातल्या कंत्राटदारांची थकलेली बिलं २०२५ मध्ये किती गाजली ते आपल्याच पेपरात आलं आहे. सरकारी कामाच्या कंत्राटदाराचे पैसे थांबले की पॅनेलवाल्याचे थांबतात, त्याचे थांबले की आमचे, आणि आमचे थांबले की आमच्या काटोलच्या ऑपरेटरच्या मुलीची फी थांबते. त्यामुळे मोठ्या कंपन्यांना शहाणपण शिकवणाऱ्या सरकारने आधी आपल्या खात्यांची बिलं तपासावीत.

एक विनंती आपल्यालाही. ज्या कंपन्यांकडे सूक्ष्म-लघु उद्योगांचे पैसे ४५ दिवसांपेक्षा जास्त थकले आहेत त्यांना दर सहा महिन्यांनी एमएसएमई-१ नावाचा फॉर्म कंपनी खात्याकडे भरावा लागतो, कोणाचे किती आणि का थकले त्यासह. आपल्या पेपरात रोज शेअरचे भाव असतात, सोन्या-चांदीचे असतात, कळमन्यातल्या संत्र्याचेही असतात. बुटीबोरी आणि हिंगण्यातली कोणती कंपनी किती दिवसांत पैसे देते, असा एक रकाना सहा महिन्यांतून एकदा छापता आला तर बघा. हे फॉर्म काढता येतात का ते आपला वार्ताहर बघू शकेल. मी काढायला जात नाही, कारण कोणी काढले ते त्यांना कळेल अशी भीती वाटते.

पत्र लांबलं, जागेप्रमाणे कापलंत तरी हरकत नाही. फक्त ४० हजारांचा हिशेब आणि १८० चे ४५ हा मुद्दा ठेवा. नाव-पत्ता आपल्या माहितीसाठी वेगळ्या कागदावर जोडला आहे, तो छापू नये.

कळावे,
आपली वाचक,
हिंगणा एमआयडीसीतली एक लघुउद्योजिका, नागपूर